निव्वळ वजन

मार्केट यार्डातल्या वजनकाट्यावर बसते मी,
बारा वर्षं झाली.
भरलेली गाडी येते, आकडा लिहिते.
रिकामी होऊन येते, आकडा लिहिते.
वजाबाकी करते. उरते ती हळद.
एखादा ड्रायव्हर उतरायचं विसरतो,
मग खिडकीतून ओरडते:
उतर की बाबा, तुझे पैसे कोण देणार?

मिरजेच्या दवाखान्यातला काटा
एकशे एकतीसवर थांबला.
गाडी भरलेली का रिकामी,
कुणी विचारलं नाही.

डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीमागं
दोन चित्रं काढली.
एकात जठर उभं कापलेलं, केळ्याएवढं उरलेलं.
बाकीचं बाहेर, कायमचं.
भूक जिथून उठते, तो कोपरासुद्धा.
दुसऱ्यात वर अंड्याएवढी पिशवी,
आतडं उचलून तिला जोडलेलं,
आणि जुनं जठर जागच्या जागी,
नुसतं वाटेतून काढलेलं.
"बायपास झाल्यावर गाड्या गावात शिरतात का?
तसंच."
तिसरा फुगा होता, सहा महिन्यांचा.
त्याचं चित्र काढलं नाही.

नणंद राजमती म्हणाली, केळं कर.
एकदा कापलं की सुटलीस.
नवरा खर्चाचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून
बराच वेळ बसला, आणि म्हणाला,
तुला जे बरं वाटेल ते.
आईनं चित्र उलटं धरून बघितलं.
"अंथऊ चुकवलं नाहीस कधी.
दिवस बुडायच्या आत जेवलेली पोर तू,
हे आलं कुठून?"
जणू रात्रीत कुणीतरी पोती टाकून गेलंय दारात.

पर्युषणात दहा दिवस गरम पाण्यावर काढलेत मी.
साडेचार किलो गेलं.
दिवाळीपर्यंत सात आलं.
ही वजाबाकी मला रोज करता येते,
फक्त पावती कुणाच्या नावानं फाडायची ते कळत नाही.

प्रश्न तीन लिहून नेले होते.
विचारला चौथाच.
कापलेला भाग जातो कुठं?
तपासायला.
आणि मग?
डॉक्टर पेनाला टोपण लावत राहिले.
बरं, दुसऱ्यात जो आत राहतो,
त्याला भूक लागते का?
ते हसले नाहीत, एवढ्यासाठी मी त्यांना मानते.
म्हणाले, तो त्याचा रस बनवत राहतो,
खाली पाठवत राहतो.
अन्न मात्र त्याच्याकडं येत नाही.

माझे वडील तोलार.
यार्डात हा काटा बसला त्या वर्षी
त्यांचं काम गेलं.
तरी दोन वर्षं
सकाळी आठला डबा घेऊन येत होते.

ठरवलं मात्र वडिलांमुळं नाही.
ठरवलं घशानं.
आडवी झाले की आंबट वर येतं,
तीन वर्षं खुर्चीत झोपतेय मी.
हे आधी का सांगितलं नाही, डॉक्टर म्हणाले,
आणि केळ्यावर फुली मारली.
साखरही आहे तुम्हाला. बायपासच.
गोळ्या जन्मभर. लोह, कॅल्शियम, बी-बारा.
गोड खाल्लं तर घाम फुटेल,
छाती धडधडेल, पडून राहावं लागेल.
बारशाला गेले तरी?
बारशाला गेलात तरी.

फॉर्मवर सही केली, त्रिशला चौगुले.
तारीख सोमवारची.

शनिवारी शेवटची गाडी गेल्यावर
केबिनमधून बाहेर आले
आणि साठ टनांच्या काट्यावर उभी राहिले,
मधोमध.
फळीवर हळदीची भुकटी, टायरांचे ठसे.
काहीतरी हललं पायाखाली,
किंवा मला वाटलं.
आकडा आत उमटला असणार.
वाचायला खिडकीत मीच नव्हते.